प्लेगच्या डॉक्टरची चोच कातड्यात कशी करायची

"ह्यात माणसानं श्वास कुठनं घ्यायचा?"

मी केलेला पहिला मुखवटा हातात धरून आप्पांनी एवढंच विचारलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करतायत. मी आईच्या शेजारी बसून बकऱ्याच्या कातड्याच्या वेण्या घालायला शिकले, पुढे इतिहासात एम.ए. केलं आणि गेली काही वर्षं नाटकांसाठी कातड्याच्या वस्तू करते. म्यानं, कमरपट्टे, पखाली, एकदा तर अख्खं चिलखत. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांचा एक ग्रुप आला. स्वतः लिहिलेली एकांकिका, त्यात प्लेगचा डॉक्टर. "ताई, तो पक्ष्यासारख्या चोचीचा मुखवटा असतो ना, तो पाहिजे," म्हणाले आणि मोबाईलवर एका व्हिडिओ गेममधलं चित्र दाखवलं.

मी चित्रावरनं केला. चपलेच्या तळाला घालतात तसलं म्हशीचं जाड कातडं घेतलं, सोल्यूशनने चिकटवलं, फूटभर लांब चोच काढली. दिसायला जबरदस्त. तालमीत आमच्या नटाने तो चढवला आणि चौथ्या मिनिटाला ओरबाडून काढला. डोकं गरगरत होतं त्याचं. आत सोल्यूशनचा वास कोंडलेला, काचांवर वाफ, आणि मानेवर सगळं वजन पुढच्या बाजूला. रात्री तो मुखवटा घरी आणला तेव्हा आप्पांनी तो प्रश्न विचारला. मग मी पुस्तकं काढून बसले. खरा मुखवटा कुणी, कधी, कशाचा केला होता हे वाचल्यावर कळलं की आप्पांचा प्रश्न हाच त्या वस्तूचा मूळ प्रश्न आहे. हवेची भीती वाटत असताना श्वास कसा घ्यायचा, यासाठीच ती चोच होती.

त्यानंतर असे पाच मुखवटे केले. जे शिकले ते खाली लिहिते. करायला घेण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचून काढा.

साल आधी, कातडं नंतर

मुलांच्या पहिल्या संहितेत साल १३४८ होतं. युरोपातला तो सगळ्यात मोठा प्लेग, ज्याला काळा मृत्यू म्हणतात, १३४७ ते १३५१ मधला. त्या वेळी चोचीचे मुखवटे नव्हते. प्लेगचे डॉक्टर होते, पण साध्या वेशातले. चोच आली त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा वैद्य शार्ल द लॉर्म याने १६१९ च्या सुमारास हा पोशाख काढला असं सांगितलं जातं. त्याच्यावर पुढे लिहिलेल्या मजकुरात बारीक वर्णन आहे: अंगरखा, विजार, बूट, हातमोजे, टोपी सगळं मोरोक्को कातड्याचं, आणि मुखवट्याला अर्धा फूट लांब नाक. मोरोक्को कातडं म्हणजे बकऱ्याचं, झाडपाल्याने कमावलेलं. हे वाचलं आणि मी उठून आईच्या वेण्यांच्या टोपलीकडे गेले. तेच कातडं. मी मात्र म्हशीचं घेऊन बसले होते.

माझं सांगणं असं की तुमचं नाटक, शॉर्टफिल्म, फॅन्सी ड्रेस जे काही असेल, त्याचं साल पक्कं करा. आमच्या मुलांनी एकांकिका फ्रान्समधल्या मार्सेय शहरात नेली, १७२० मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात एक व्यापारी जहाज पूर्वेकडून प्लेग घेऊन त्या बंदरात आलं आणि शहरातली चाळीस हजारांवर माणसं गेली. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या मांजे नावाच्या वैद्याने प्लेगवर पुस्तक काढलं, त्यात या पोशाखाचं चित्र आहे. चित्राखाली लिहिलंय की मुखवट्याला स्फटिकाचे डोळे आहेत आणि लांब नाक सुगंधी द्रव्यांनी भरलेलं आहे. म्हणजे आम्हाला कातडं मिळालं, डोळे मिळाले, नाकात काय भरायचं तेही मिळालं. काळ बरोबर धरला की निम्मं डिझाइन आपोआप होतं.

लंडनच्या १६६५ च्या प्लेगवर काही करत असाल तर चोच वापरू नका. तिथे असे मुखवटे घातल्याचा भरवशाचा पुरावा नाही. इटली आणि फ्रान्समध्ये ठेवा.

सामान

बकऱ्याचं, हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं कातडं, साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाड, चार फूट. (कातडं फुटावर मिळतं, म्हणजे चौरस फूट.) दुकानदार क्रोमचं, म्हणजे रसायनाने कमावलेलं, दाखवेल, ते मऊ आणि स्वस्त असतं, पण घेऊ नका. क्रोमचं कातडं ओलं करून घडवलं तरी वाळल्यावर आकार धरत नाही. ओळखायची सोपी खूण: कडेचा छेद बघा. क्रोमचा निळसर-करडा दिसतो, सालीने कमावलेल्याचा तपकिरी.

कपाळपट्टीसाठी म्हशीच्या दोन मिलिमीटर कातड्याची पट्टी. मेणाचा दोरा, दोन बोथट सुया, आरी, रापी, लाकडी हातोडी, कंपास, स्टीलची पट्टी. मैद्याची खळ. दोन मिलिमीटरचं पारदर्शक अॅक्रेलिक. पाच किलो शाडू. मलमलीचा तुकडा.

सोल्यूशन नको. तोंडासमोर कोंडणाऱ्या जागेत कुठलंही सॉल्व्हंटचं चिकट वापरायचं नाही, हे मी आमच्या नटाच्या चेहऱ्याकडे बघून शिकले आणि त्याची मला अजून टोचणी आहे.

माप

ज्याने घालायचा त्याचंच माप घ्या. कपाळाचा घेर, भुवईपासून हनुवटीपर्यंत, दोन्ही बुबुळांमधलं अंतर, आणि नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत. "सगळ्यांना बसेल असा" मुखवटा कुणालाच नीट बसत नाही आणि डोळ्याचं भोक अर्धा इंच सरकलं की नट आंधळा होतो.

आता चोचीची लांबी. वर्णनातलं अर्धा फूट म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच फुटाने साधारण सोळा सेंटिमीटर. इंटरनेटवरच्या चोची याच्या दुप्पट दिसतात, त्याला कारण आहे. १६५६ मध्ये रोममध्ये प्लेग होता, तेव्हा न्यूरेंबर्गच्या पाउल फ्युर्स्ट नावाच्या प्रकाशकाने एक छापील चित्र काढलं, 'रोमचा डॉक्टर चोच'. लांब चोच, नखांसारखी बोटं, काठीच्या टोकाला पंख असलेलं वाळूचं घड्याळ, आणि लांबवर पळणारी पोरं. खाली जर्मन-लॅटिन मिसळलेली कविता, डॉक्टर लोकांना घाबरवून पैसे काढतात अशी. ते टिंगलीचं चित्र होतं. आज गेममध्ये, टी-शर्टवर, व्हेनिसच्या कार्निव्हलच्या कागदी मुखवट्यांत जो डॉक्टर दिसतो, त्याच्यावर या एका चित्राची दाट सावली आहे. टिंगल करणाऱ्याने काढलेलं रूप जगभर खरं म्हणून राहिलं, याचं मला वाईट वाटतं.

आम्ही वीस सेंटिमीटर ठेवली. सोळाची कागदी चोच आधी करून बघितली, पण सभागृहात मागच्या रांगेतून ती नुसतं मोठं नाक वाटत होती. वीसच्या पुढे गेलात तर वजन पुढे जातं, नटाची मान खाली झुकते आणि आवाज आतच घुमतो.

फर्मा आणि बेतणं

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून शाडू आणला. गणपतीच्या आधी दोन महिने जाऊ नका, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. शाडूची चोच करा, मुळाशी नऊ सेंटिमीटर रुंद, शेंड्याला गोलसर, किंचित खाली वळलेली. टोकदार सुईसारखा शेंडा करायचा मोह होतो, पण कातडं तिथे फाटतं आणि अंधाऱ्या विंगेत कुणाच्या तरी डोळ्यात जातं. ही चोच म्हणजे आपला फर्मा, साचा. तो पूर्ण वाळू द्या आणि त्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून लावा, नाहीतर शाडू कातड्यातलं पाणी ओढतो आणि डाग राहतात.

बेत आधी वर्तमानपत्रात करा, मग पुठ्ठ्यात. तुकडे असे: चेहऱ्याचा एक, कपाळापासून गालापर्यंत. चोचीचे दोन, डावा आणि उजवा, एकमेकांचे आरसे. डोळ्यांसाठी चार गोल कड्या. एक कपाळपट्टी. डोक्यामागे बांधायच्या तीन वाद्या. चोचीच्या तुकड्यांना मुळाशी एक सेंटिमीटर जास्त सोडा, ते चेहऱ्यावर शिवायला लागतं. डोळ्यांची भोकं पाच सेंटिमीटर व्यासाची.

पुठ्ठ्याचा मुखवटा टेपने जोडून नटाच्या तोंडावर लावा आणि त्याला जिना उतरायला सांगा. तो पायऱ्या बघू शकला तरच कातड्याला रापी लावा.

कापताना कातड्याचा ताण बघा. पाठीकडचं कातडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल. चोच पाठीच्या भागातून काढा, दोन्ही तुकडे पाठीच्या कण्याच्या रेघेपासून सारख्या अंतरावर. एक पाठीतला आणि एक पोटातला घेतला तर वाळताना चोच एका बाजूला वाकडी होते. चपलेची जोडी काढतानाही आप्पा हेच बघतात, डावी-उजवी एकाच जागेतली.

भिजवणं

कोमट पाण्यात कातडं बुडवा. बुडबुडे येतील, ते थांबले की काढा, दहा-पंधरा मिनिटं लागतात. लगेच घडवायला घेऊ नका. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. सकाळी हाताला गार लागेल पण पाणी ठिबकणार नाही, असं हवं.

फर्म्यावर ठेवा आणि अंगठ्याने शेंड्याकडून मुळाकडे ओढत बसवा. नख लावू नका, ओल्या कातड्यावर उमटलेलं नख कायमचं राहतं. लाकडी उलथन्याच्या गोल कडेने सुरकुत्या बाहेर काढा. एकपदरी चोच पुढे मऊ पडते, म्हणून आतून दुसरा पातळ थर खळीने चिकटवायचा, दोन्हीची मांसाची, म्हणजे आतली खडबडीत, बाजू एकमेकींकडे.

मग सावलीत वाळवा. उन्हाळ्यात दोन दिवस. पावसाळ्यात कोल्हापुरात चार-पाच दिवसही लागतात, आणि रोज उलटून बघावं लागतं कारण बुरशी एका रात्रीत येते. मी दुसऱ्या मुखवट्याच्या वेळी प्रयोगाची तारीख जवळ आली म्हणून ड्रायर लावला होता. कातडं आक्रसलं आणि चोचीवर चीर गेली. आप्पा म्हणाले, "कातडं पळून जात न्हाई कुठं. तू कशाला पळतीस?"

शिवण

कडेपासून चार मिलिमीटरवर कंपासने रेघ ओढा, दर सहा मिलिमीटरला आरीने भोक. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या. दोन्ही टोकांना सुई, एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर न्यायच्या आणि दोन्ही हातांनी सारख्या ओढायच्या. एखादा टाका तुटला तरी हा उसवत जात नाही.

चोचीची वरची शिवण पूर्ण शिवा. खालची शेंड्याकडून सुरू करा आणि चेहऱ्याजवळची सहा सेंटिमीटर मोकळी सोडा. तिथे शिवणीऐवजी वादी ओवा, चपलेच्या पट्ट्याला ओवतो तशी, सैल. हीच आप्पांच्या प्रश्नाची जागा. इथून हवा आत येते, इथून सुगंधाची पुरचुंडी आत जाते, आणि प्रेक्षकांना खालची बाजू दिसत नाही. द लॉर्मच्या मुखवट्याला श्वासासाठी दोनच भोकं होती, नाकपुड्यांपाशी, दोन्हीकडे एकेक. तीही ठेवा, दिसायला बरोबर दिसतात. पण फक्त त्यांच्यावर नटाला सोडू नका.

रिव्हेट, पितळी बटणं, साखळ्या, दातेरी चाकं काही लावू नका. ती हल्लीच्या फॅशनची भर आहे. जर्मनीत इंगोलश्टाट आणि बर्लिनच्या संग्रहालयांत असे जुने मुखवटे ठेवलेत, आणि ते खरोखर प्लेगमध्ये वापरले होते का याबद्दल अभ्यासकांनाच शंका आहे. तेव्हा "अगदी हुबेहूब" असा दावा कुणीच करू नये. आपण लिखित वर्णनाशी प्रामाणिक राहू शकतो, आणि ते वर्णन साधं आहे.

डोळे

साडेपाच सेंटिमीटरची अॅक्रेलिकची चकती, आतबाहेर कातड्याची कडी, चारही थर एकत्र शिवायचे. वाफ हा मोठा शत्रू. तिच्यावर उपाय म्हणजे आतल्या बाजूला, नाकाच्या वर, गालापासून गालापर्यंत सुती कापडाची जाड गुंडाळी शिवा. तोंडातली गरम हवा डोळ्यांकडे जाताच कामा नये. शिवाय प्रयोगाआधी चकतीवर आतून पातळ साबणाचं पाणी लावून कोरड्या फडक्याने पुसून काढा. आमच्या नटाला शेवटपर्यंत स्वच्छ दिसलं.

रंग

काळाच हवा असा नियम नाही. पण सालीने कमावलेलं कातडं बाटलीतल्या रंगाशिवाय काळं करायची जुनी रीत आहे आणि ती मला फार आवडते. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, बाटलीचं झाकण सैल ठेवा. ते पाणी गाळून कातड्यावर लावलं की हिरड्याच्या तुरटपणाशी लोखंड मिळतं आणि डोळ्यांदेखत कातडं करडं, मग काळं होतं. हा रंग वर बसलेला नसतो, कातड्याचाच होतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, वाळवा, आणि खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. मग मधाच्या पोळ्याचं मेण.

चोचीत काय भरायचं

बहुतेक लोक ही पायरी सोडून देतात. प्रेक्षकांना काही दिसत नाही ना, मग कशाला? मी आग्रहाने सांगते, सोडू नका.

त्या काळी वैद्यांची पक्की समजूत होती की रोग दूषित हवेतून येतो, दुर्गंधीतून. म्हणून नाकासमोर सुगंधाची भिंत उभी करायची. कापूर, पुदिना, लवंग, गुलाबपाकळ्या, हिराबोळ. थेरिऍक नावाचं औषधही वापरायचे, पन्नासाहून जास्त घटकांचं, त्यात सापाचं मांसही असे. द लॉर्म तोंडात लसूण आणि सताप धरायचा असं लिहिलंय. सताप! आमच्या आज्जीने परसात लावलेली असायची, लहान बाळासाठी.

मी महाद्वार रोडला जाऊन लवंग, सुक्या गुलाबपाकळ्या आणि हिराबोळ आणते, पुदिना घरी वाळवते. मूठभर मिश्रण मलमलीत सैल बांधायचं, चोचीच्या शेंड्याकडच्या निम्म्या भागात बसेल एवढंच. ठासून भरलंत तर हवा थांबते. कापूर घालू नका. बंद जागेत त्याची वाफ जास्त झाली तर मळमळ होते, डोकं दुखतं. लवंगसुद्धा अख्खी घाला, कुटून नको, पूड नाकात जाते. कुणाला दमा असेल तर पुरचुंडी रिकाम्या मलमलीची ठेवा.

हे सगळं कशासाठी? आमच्या नटाने पुरचुंडी घालून पहिल्यांदा मुखवटा चढवला तेव्हा तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, आत देवघरासारखा वास येतोय." तोवर तो डॉक्टरला राक्षसासारखा करत होता, खांदे उचलून, काठी आपटत. त्या दिवसानंतर त्याचा डॉक्टर हळू चालायला लागला. आत लपलेला, आपल्या श्वासाला जपणारा माणूस दिसायला लागला. मला मुखवट्यातून तेच हवं होतं.

कारण हे लोक नोकरीवर होते. शहर त्यांना करार करून नेमायचं. इटलीतल्या पाविया शहराने १४७९ मध्ये जोव्हान्नी दे व्हेंतुरा या वैद्याशी केलेला करार प्रसिद्ध आहे: महिना तीस फ्लोरिन, राहायला घर, आणि काम चोख केलं तर शहराचं नागरिकत्व. बदल्यात प्लेगच्या रोग्यांकडे जायचं आणि बाकीच्या लोकांत मिसळायचं नाही. आजूबाजूचे श्रीमंत गाव सोडून जायचे तेव्हा हा आत यायचा. रोग्याच्या मृत्युपत्राला साक्षीदार राहायचा. औषध म्हणून त्याच्याकडे जे होतं त्याने कुणी फारसं वाचत नव्हतं, आणि ते त्यालाही दिसत असणार.

अंगरखा, टोपी, काठी

अंगरखा घोट्यापर्यंत, कातड्याऐवजी मेण चोळलेल्या कापडाचा. जाड कॅनव्हास घ्या, मेण वितळवून ब्रशने लावा आणि इस्त्रीने मुरवा, इस्त्रीखाली जुनी वर्तमानपत्रं ठेवा. हातमोजे अंगरख्याच्या बाहीवर, विजार बुटात खोचलेली, कुठे फट नको. टोपी रुंद काठाची. काठी छातीएवढी उंच: हात न लावता पांघरूण बाजूला करायला, बोट दाखवायला, जवळ येणाऱ्याला लांब ठेवायला.

गंमत बघा, या पोशाखाचा थोडा उपयोग झालाही असेल, पण चोचीमुळे नाही. प्लेग पसरवतात उंदरांवरच्या पिसवा. हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. मेणाच्या गुळगुळीत, फट नसलेल्या कपड्यावर पिसूला चिकटायला आणि आत शिरायला अवघड. सुगंधाच्या भिंतीवर भिस्त ठेवलेल्या माणसाला बहुधा त्याच्या शिंप्याने वाचवलं. म्हणून अंगरख्यात कसूर करू नका.

घालून उभं राहताना

मुखवटा घालून सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तालीम नको. दोघांनी मिळून चढवायचा, आधी कपाळपट्टी, मग मधली वादी, मग बाजूच्या. गाठ अशी घाला की एका झटक्यात सुटेल. 'स', 'श', 'फ' आत विरतात, म्हणून या अक्षरांवर थांबून बोलायचा सराव करा, किंवा कपाळपट्टीच्या आत छोटा माईक बसवा. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागल्यानंतर आमच्या मुलांनी मिळेल त्या हॉलमध्ये तालमी केल्या. प्रत्येक ठिकाणी आवाज वेगळा पोचायचा, त्यामुळे हे नीट तपासता आलं.

नटाला आणि बाकीच्या पात्रांना आपल्याकडचा प्लेगही सांगा. १८९६ मध्ये तो मुंबईत मांडवी भागात आला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, मग पुण्यात, आणि पुढे कोल्हापूर संस्थानातही. माझी आज्जी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची: घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपडी घालायची, कुणी विचारत बसायचं नाही. पुण्यात गोरे सोजीर घराघरात शिरून रोगी शोधायचे तेव्हा लोक रोगापेक्षा त्यांना जास्त घाबरले. दारात अनोळखी वेशातला माणूस उभा आहे आणि तो आपल्या माणसाला घेऊन जाणार आहे, ही भीती आमच्या पोरांना मार्सेयमधून समजली नाही, आज्जीच्या गोष्टीतून समजली. रोग्याच्या आईची भूमिका करणाऱ्या मुलीने त्यानंतर किंचाळणं सोडलं. ती फक्त दाराच्या आणि पोराच्या मध्ये येऊन उभी राहते.

आणि सावित्रीबाईंबद्दल सांगा. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याने पुण्याबाहेर हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडलेला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मी मुखवटा करताना या दोघांना डोळ्यासमोर ठेवते. आमच्या एकांकिकेच्या शेवटी डॉक्टर मुखवटा काढतो आणि पोराला उचलतो. तो प्रसंग मुलांनी नंतर लिहिला. त्यासाठी मला मागच्या गाठीऐवजी लाकडी खुंटीची कडी करावी लागली, एका हाताने सुटणारी. तुमच्या नाटकात मुखवटा रंगमंचावर उतरणार असेल तर हे पहिल्या दिवशीच ठरवा, नंतर कपाळपट्टी उसवावी लागते.

प्रयोगानंतर

पुरचुंडी लगेच काढा, ओली झालेली असते. आतली सुती गुंडाळी धुवायला काढता येईल अशीच टाचा. मुखवटा आतून कोरड्या फडक्याने पुसून, चोचीत वर्तमानपत्राचा बोळा घालून सावलीत टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच बांधू नका. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा बाहेर काढून हवा द्या आणि मेणाचा हात फिरवा.

पाचवा मुखवटा झाला तेव्हा मी तो आप्पांसमोर ठेवला. त्यांनी खालची वादी बोटाने सैल आहे का बघितली, चोच नाकाला लावली आणि दोनदा खोल श्वास घेतला. मग मला म्हणाले, डाव्या डोळ्याच्या कडीला एक टाका सुटलाय, तेवढा घाल.